पालथं ताट

येलदरी
ता. ११ जानेवारी १९७६

विहीणबाई कस्तुराबाई यांना सगुणाबाईचा जयभीम.

ओळख पटली का? नसंल तर सांगते. रुखमी नावाची एक पोरगी तुमच्या घरात भाकरी थापायलीय बगा, ती आभाळातनं पडलेली न्हाई. ती मी दिलीय. पिंगळीच्या ठेसनावरच्या सगळ्या गाड्यांचे टाइम तुमाला तोंडपाठ हायेत म्हणं, कोणती लेट हाय ते बी घरबसल्या सांगता. अन विहिणीचं गाव तेवढं ध्यानातनं गेलं. बदाम खात जा.

हे मी सांगायलेय अन माझी सून मालन लिहायलीय. मला अक्षर येत न्हाई, तुमाला बी येत न्हाई. म्हंजे माझं बोलणं माझ्या सुनेच्या हातानं निघणार अन तुमच्या सुनेच्या तोंडानं तुमच्या कानात जाणार. आपण दोघी दोन टोकाला नुसत्या बसलेल्या. तवा रुखमे, हाय तसं वाच. गोड करू नकोस, तिखट बी करू नकोस. घसा सुकला तर मधी पाणी पी.

कुसुमबाई इथली मासळी घेऊन परभणीच्या बाजारात बसती. तिनं येऊन सांगितलं, तुमच्या रुखमीला पाचवा लागलाय. विहीणबाई, नातवाची खबर आजीला मासळीच्या टोपलीतनं यावी का? आठ दिवस माझ्या आनंदाला मरळ माशाचा वास येत होता.

आता लग्नातलं बोलते, कारण तेच तुमच्या पोटात हाय. मांडवात शेवटी विहिणीची पंगत बसली. तुमाला पाटावर बसवलं, ताटाभोवती रांगोळी काढली, बायांनी गाणी धरली. रीत अशी की पोरीच्या आईनं समोर बसायचं अन विहीण पुरे म्हणंपर्यंत वाढत राहायचं. तुमी परभणी जिल्हाभर सांगितलं, वाढता वाढता सगुणा झोपली. मी झोपले न्हवते. चुलीचा धूर डोळ्यात गेला, म्हणून डोळे मिटले. हातातली पळी पडली, ती घामानं निसटली. मान खाली गेली, ती पळी शोधायला. एवढ्यावर तुमी भरल्या ताटावरनं उठलात. गव्हाची खीर तशीच ऱ्हायली. तवापासून तुमचं पाऊल आमच्या उंबऱ्यावर न्हाई अन रुखमीला बी एका दिवसासाठी धाडलं न्हाई.

ते असू द्या. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातवा लागला की माझे मालक तिला घ्यायला येतील. हो म्हणून कळवा.

मालन हसायलीय. काय हसायलीस, लिही.

तुमची विहीण
सगुणाबाई

येलदरी
ता. १ फेब्रुवारी १९७६

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं. अक्षर रुखमीचं, जीभ तुमची. मालननं वाचून दाखवलं, ‘जी बाई विहिणीच्या पंगतीला घोरती, ती बाळंतिणीच्या शेगडीपुढं काय जागंल? लेकरू रडून निळं पडंल तरी हिला जाग यायची न्हाई. रुखमी इथंच राहील.’

लिहिताना पोरीचा हात कसा झाला असंल ते मला बघायला मिळालं न्हाई. मालन म्हणती, ‘निळं’वर शाई फुटलीय.

राग आला असता, विहीणबाई, पण खरं सांगते, ही पत्र वाचायली तवा मी नुकतीच भाकरी खाऊन बसले होते. ‘बाळंतिणीच्या’पर्यंत ऐकलं अन माझा डोळा लागला. पुढचं तिनं संध्याकाळी परत वाचलं. म्हंजे तुमी लिहिलं ते खोटं न्हाई. धुराचं मी बनवून सांगितलं होतं. त्या चुलीत वाळलेली बाभूळ होती, धूर कुठला निघायला.

रुखमे, सिताराम घरात असतील तर त्यांना रेल्वेच्या रुळावर धाड. जावयानं ऐकायचं न्हाई असं पुढं हाय. गेले का? मंग वाच.

दोन वर्सं झाली. पाळी कवा दोन-दोन महिने येत न्हाई, आली तर जायचं नाव घेत न्हाई. मधीच पोटातनं आग निघती अन कानापर्यंत चढती. थंडीत पोरं घोंगडीत शिरतात, अन मी दारात पदर सोडून बसते. ते सगळं सोसवतंय. आपल्या आया-आज्यांनी सोसलं, आपण काय गुळाच्या न्हाईत. पण जेवणाचं मला सोसवत न्हाई. शेवटचा घास खाली उतरला की आधी हात जड होतात. मंग कुणीतरी मागनं येऊन अंगावर ओलं घोंगडं टाकल्यागत होतंय. मी म्हणते, उठ सगुणे, भांडी हायेत. भांडी लांब लांब जातात. माणसं बोलायलेत ते पाण्याखालनं ऐकू येतंय.

अन खरंच पाण्याखालनंच येतंय, ऐका.

तुमाला ठाऊक हाय, आमचं जुनं गाव धरणात गेलं. आता जिथं जाळी टाकतात, तिथं खाली आमच्या चुली हायेत. जेवून डोळा लागला की मी तिथं जाते. रोज. रस्ता चुकत न्हाई. वरनं ऊन हिरवं होऊन येतंय, गल्लीतनं मासे गुरांसारखे रांगेनं घरी जायलेत. मी चालते, पाय चिखलात रुतत न्हाईत. वरच्या आळीची ती मोठी विहीर हाय ना, जिथं मी घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणी वाढंल तवा पाणी मिळायचं, त्या विहिरीच्या पायऱ्या मी सावकाश उतरते. कुणी हटकत न्हाई. आता सगळं गावच विहीर झालंय.

परवा तिथं माझी आई दिसली. कणगीला टेकून डोळे मिटून बसलेली. मी म्हणलं, ‘आई, तुला बी असंच होत होतं का? तू कसं निभावलंस?’ ती डोळे न उघडता म्हणली, ‘निभावलं कुठं? टेकून बसायची. लोक म्हणायचे, लय हुशार बाई, जोंधळे राखायलीय.’

जाग आली तर भाकरी तव्यावर कोळसा झाली होती अन माझे मालक मोठमोठ्यानं खोकत होते. मला उठवायचं असलं की ते खोकतात. गावात समद्यांना वाटतंय त्यांना दमा हाय.

विहीणबाई, तुमाला जे वाटायलंय ते मला बी वाटायलंय. लेकरू माझ्या मांडीवर असंल अन मी विहिरीच्या पायऱ्या उतरत असंन तर? ही भीती तुमी लिहायच्या आधीपासून माझ्याजवळ हाय. पण माझी पोरगी माझ्यापाशी यावी हे बी हाय. ही दोन्ही एकाच पोटात घेऊन मी काय करू ते सांगा.

सगुणाबाई

येलदरी
ता. २४ फेब्रुवारी १९७६

विहीणबाई,

उत्तर न्हाई आलं. पोस्टमन रोज आमच्या दारावरनं जातो अन मी त्याच्याकडं बघते तसं कवा नवऱ्याकडं बघितलं न्हाई.

मी हातपाय हलवायलेय, ते कळवते. मालन मला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सबाईनं माझी पापणी खाली ओढून बघितली अन म्हणली, ‘आजी, रक्त कुठं हाय?’ मी म्हणलं, ‘बाई, दोन वर्सं वाटतच बसलेय, उरंल कुठनं?’ तिनं लाल गोळ्या दिल्या. म्हणली, पाळी जायच्या वयात असं होतंय, त्यात तुमी दुपारी एकदम पोटभर खाता. थोडं थोडं खा, डाळ, दाणे, पालेभाजी खा. भात अन गोड आवरा. जेवून बसू नका, चाला.

चालायचं! माझ्या सासूनं जेवून चालणारी बाई बघितली असती तर अंगात काय शिरलं म्हणून विचारलं असतं. पण चालते. आता माझी भाकरी अर्धी अर्धी झालीय. अर्धी सकाळी उन्हं वर आली की, वरणासंगं. अर्धी दुपारी, करडईच्या भाजीसंगं. मधी मूठभर दाणे, वाटीभर ताक. पहिले दिवस अर्धी भाकरी खाऊन उठताना असं वाटायचं की पाहुण्यांच्या घरात जेवायलेय अन कुणी आग्रह केला न्हाई. मालक म्हणाले, ‘उरलेली अर्धी काय पिंगळीला धाडायलीस का?’

खाल्लं की धरणाच्या कडंनं चालत जाते, पाण्याला हात लावून परत येते. झोप मागनं येत राहती, ओळखीच्या कुत्र्यासारखी. चावत न्हाई, पण घरी जा म्हणलं तर जात न्हाई. कवा जिंकते, कवा न्हाई. परवा ज्वारी काढताना बाभळीखाली जेवलो अन मी चालायला म्हणून उठले ती बांधावरच आडवी झाले. बायांनी माझ्या वाट्याची पात बी उरकली अन काही बोलल्या न्हाईत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण गेल्या महिन्यात रोज जायची त्या पाण्याखालच्या गावाला, आता एक दिवसाआड जाते. आईला सांगून ठेवलंय, आता माझं येणं कमी होईल, लेकीचं करायचंय.

अजून एक गोष्ट हाय. ती मी कुणाला सांगितली न्हाई, मालनला बी आत्ता लिहिताना कळायलीय. तुमी उठून गेलात त्या दिवशी मी तुमचं ताट घासून फळीवर पालथं घातलं. काशाचं हाय, माझ्या आईचं, धरणाचं पाणी यायच्या आधी डोक्यावर आणलेलं. तवापासून ते सरळ केलं न्हाई. त्यात कुणी जेवलं न्हाई. दिवाळीला पाहुणे आले, ताट कमी पडलं, मी पत्रावळ आणली पण त्याला हात लावू दिला न्हाई. ज्या ताटावरनं विहीण उपाशी उठली, ते तिच्याच हातानं उष्टं व्हायला पाहिजे.

तर या. रुखमीचं बोलणं नंतर. आधी येऊन जेवून जा. अर्ध्यावर ऱ्हायलेली पंगत पुरी करू. मी समोर बसून वाढते. माझा डोळा लागला तर तसंच उठून जा, परत कवा मी पोरीचं नाव काढणार न्हाई. हे मी शुद्धीत, रिकाम्या पोटी सांगायलेय.

सगुणाबाई

येलदरी
ता. १५ मार्च १९७६

विहीणबाई,

नीट पोचलात ना? एस्टीत झोप… न्हाई, म्हणलं, एस्टीत जागा मिळाली ना?

रुखमे, तुझी सासू तुला काय सांगंल मला ठाऊक न्हाई, म्हणून झालं ते मी सांगते. तू फक्त वाच. ऐकताना त्यांनी नाक मुरडलं तर थांबू नकोस.

परवा तुमी अन व्याही तात्याराव आलात. मी सकाळी माझी अर्धी भाकरी खाल्ली होती, दुपारची हातात पळी घ्यायच्या आधीच खाऊन धरणापर्यंत चालून आले होते. गडी माणसं अंगणात लिंबाखाली बसली. आत तुमी, मी अन चुलीपाशी मालन. फळीवरचं ताट मी सरळ केलं. रांगोळी मालननं काढली. गाणी म्हणायला बाया बोलावल्या न्हाईत, तुमी म्हणालात, ‘गाणी नगं, तू जागी राहा म्हंजे झालं.’

मी वाढत ऱ्हायले. पोळी, वरण, भात, वांगं. तुमी जेवत ऱ्हायलात, डोळे माझ्या पापण्यांवर. ज्वारीच्या राखणीला बसल्यागत. अन मंग खीर वाढली. तुमी दोन घास घेतले. तिसऱ्या घासाला हात ताटातच ऱ्हायला.

मला वाटलं, नावडली. गूळ कमी पडला. मी वर बघितलं तर तुमची मान भिंतीला टेकलेली अन वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब उठलेले. सावलीत. अन घरात वारा होता. विहीणबाई, तो घाम मी ओळखते. तो चुलीचा नसतोय, उन्हाचा नसतोय. त्या घामाची अन माझी रोजची गाठ हाय.

तुमी खाली गेलात. पाण्याच्या कितव्या पायरीवर होतात ठाऊक न्हाई, पण चेहरा असा झाला होता की लग्नाच्या आधी तुमी कशा असाल ते मला दिसलं.

बाहेरनं तात्याराव म्हणाले, ‘झालं का?’

मी म्हणलं, ‘पंगत बसलीय.’

रीतच हाय, पंगत उठल्याबिगर गड्यांनी आत यायचं न्हाई. जरा वेळानं परत, ‘अजून जेवायलीय?’

‘बसलीय पंगत.’

‘सगळं धरण खाती का काय बाई!’ तात्याराव म्हणाले, अन माझे मालक खोकायला लागले. त्यांना वाटलं, मीच झोपले. मला जागं करायला इतके खोकले, इतके खोकले की शेजारच्या घरनं हळद-दूध आलं.

मालन चुलीपाशी पदर तोंडात कोंबून बसली होती. मी डोळ्यानं दटावलं. एका हातात पळी, दुसऱ्या हातात सूप, सुपानं तुमाला वारा घालत बसले. मला बी झोप येऊ लागली होती, खोटं कशाला बोलू. लय जवळ येऊन गेली. पण मी म्हणलं, एका वेळी एकच. आज तिची बारी हाय.

उन्हं उंबऱ्यावरनं खाली उतरली तवा तुमी डोळे उघडलेत अन म्हणालात, ‘काय बघायलीस? मी मनात वंदना म्हणत होते.’

विहीणबाई, वंदना म्हणताना नाकातनं आवाज काढायचा असतोय, हे आमच्या विहारात कुणी शिकवलं न्हाई. पुढच्या पौर्णिमेला मी विचारून घेते.

मंग तुमी थंड झालेली खीर बोटानं निपटून खाल्लीत. ताट आरशासारखं केलंत. मला वाटलं, आता बोलाल. एस्टीत चढताना माझ्याकडं पाठ करून एवढंच म्हणालात, ‘दुपारचं घरात कुणीतरी लागतंयच बाई.’

एस्टी गेली अन मी तिथंच उभी ऱ्हायले. तुमच्या त्या बोलण्याकडं बघत.

आता मला समजलंय. तुमी रुखमीला धाडंना झालात ते माझ्या झोपंच्या भीतीनं न्हाई. दुपारी जेवण झालं की तुमच्या अंगावर ओलं घोंगडं पडतंय, अन तवा भांडी, पाणी, वाळवणं, दारात आलेलं माणूस, हे सगळं रुखमी बघती. कुणाला कळू न देता बघती. ती माहेरी आली तर पिंगळीच्या बाया दुपारी तुमच्या दारात येणार अन तात्यारावांची बायको भिंतीला टेकून बसलेली बघणार. होय ना? रुखमे, तू बोलू नकोस. हा प्रश्न तुला न्हाई. तू आजवर मला बी एका शब्दानं लिहिलं न्हाईस, ते चांगलं केलंस. सासूचं झाकलंस. माझंच दूध प्यालीस.

विहीणबाई, मी हे कुणाला सांगणार न्हाई. मालनला शपथ घातलीय. माझ्या तोंडातनं फुटलं तर माझी जीभ अन लेखणी दोन्ही मालनच्या ताब्यात देते, तशा त्या हायेतच.

पण माझं एक ऐका. रुखमीला पाठवा, अन तिच्यासंगं तुमी बी या. बाळंतपण होईपर्यंत राहा. तात्याराव अन सिताराम रेल्वेत असतात, रुळाच्या गँगमधल्या माणसांना भाकऱ्या थापता येतात, मी पुलाच्या कामावर डोळ्यानं बघितलंय. इथं तुमी दुपारी खाली गेलात की लेकरू मी घेईन. मी खाली गेले की तुमी घ्या. एक जागी असली म्हंजे झालं. नर्सबाईला तुमची बी पापणी दाखवू. जेवून दोघी धरणाच्या कडंनं चालू, भांडत चाललो तर झोप येणार न्हाई.

विहिणीच्या घरी विहीण मुक्कामाला राहती म्हणून लोक विचारतील. विचारू द्या. सांगू, विहिणीची पंगत बसलीय, अजून उठली न्हाई.

सगुणाबाई

येलदरी
ता. २७ मार्च १९७६

विहीणबाई,

पत्र पोचलं. दोनच ओळी, पण मालनकडनं मी परत परत वाचून घेतल्या. ‘सातवा सरायच्या आत रुखमीला घेऊन येते. चार दिवस बघते, जमलं तर राहते.’ अन खाली, तुमी म्हणलं नसताना पोरीनं आपल्या मनानं लिहिलंय, ‘आई, त्यांनी ट्रंक भरली.’ चार दिवसाला ट्रंक लागत न्हाई, विहीणबाई.

काल दुपारी लय दिवसांनी खाली गेले होते. मुद्दाम. विहिरीच्या पायरीवर आई बसली होती. म्हणलं, माझी विहीण येणार हाय, ती बी इकडं येत असती, दिसली तर ओळख दाखव. जाडजूड हाय, नाकात मोरणी हाय, बोलायला कडू हाय पण खीर सगळी खाती. आई म्हणली, ‘तिला सांग, पायऱ्यांवर शेवाळ हाय. हळू उतर म्हणावं.’ ते तुमाला सांगितलं.

शेगडी लिंपून ठेवलीय. डिंक अन खारीक मालननं जिंतूरहून आणलीय. अळीव हायेत. तूप माझे मालक बघतात म्हणालेत. त्यांचा दमा एकदम बरा झालाय. तुमचं ताट आता फळीवर सरळ हाय, चकचकीत, दारातनं दिसंल असं ठेवलंय.

तुमी बोचकी भरून आणू नका. शिदोरीला तुमची भाकरी एकच बांधा, रुखमीच्या येगळ्या, अन शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्त घालून. जिंतूरच्या स्टँडवर अर्धी भाकरी तुमी खा अन उठून दोन फेऱ्या मारा, रुखमीला मात्र पोटभर खाऊ घाला. उरलेली अर्धी फडक्यात गुंडाळून आणा. ती माझी दुपारची.